भाकरी कडक आवडली

मीठ.

गॅसवाला शुक्रवारी.

निळा शर्ट भिजत घातलाय, शोधू नये.

चलथाणच्या आचाऱ्याला जाऊन विचार.

हो.

नाही.

भाकरी कडक आवडली.

ही सगळी वाक्यं एकाच पानावर होती, गणिताच्या वहीच्या शेवटून दुसऱ्या. वही तिसरीतल्या सोनालीची. आणि पान भरायला कारण तिचे आईवडील, भटू आणि रंजना. ते दिंडोलीत एकाच खोलीत राहत होते, एकाच तव्यावरची भाकरी खात होते, आणि अकरा दिवस एकमेकांशी बोलत नव्हते.

झालं होतं एवढंच. एका रविवारी चलथाणला भटूच्या मावसभावाचा साखरपुडा होता. पंगतीत आचाऱ्याने भरीत वाढलं. भटूने पहिला घास घेतला, डोळे मिटले आणि चाळीस माणसांत म्हणाला, "कितला दिनमा भरीत खावाले भेटनं."

रंजनाने गेल्याच गुरुवारी भरीत केलं होतं. दीड किलो वांग्यांचं. ती काही बोलली नाही. घरी येताना नाही, घरी आल्यावरही नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी भटूने विचारलं, "डबा झाया का?" तर ती सोनालीकडे वळली.

"तुना पप्पाले सांग, डबा ओट्यावर शे."

भटू तिच्यापासून दीड हातावर उभा होता. "तुनी मायले सांग," तो म्हणाला, "माले दिसस."

असा कारभार सुरू झाला.

अडचण वेळेची होती. भटू सकाळी सातला लूमच्या खात्यात, म्हणजे कापडाच्या कारखान्यात, जायचा तो संध्याकाळी साडेसातला यायचा. रंजना घरी बसून साड्यांचे सुटे धागे कापायची आणि धागे कापताना तिला बरंच काही सुचायचं. ते सगळं संध्याकाळपर्यंत डोक्यात ठेवणं सोनालीला जमेना. म्हणून वही.

तिसऱ्या दिवशी भटूने पळवाट काढली. खात्यात मागांच्या खडखडाटात कुणाचं कुणाला ऐकू येत नाही. चहा, धागा तुटला, मास्तर येतोय, सगळं हाताच्या खुणांनी चालतं. त्याने रंजनाकडे बघून अंगठा तोंडाशी नेला.

"सोना, पप्पाले सांग," रंजना म्हणाली, "खूण म्हंजे बोलनंच."

"पप्पा, खूण चालाव नही," सोनालीने निकाल दिला. "पानी का चहा?"

चौथ्या दिवशी भटूने भाकरीचा तुकडा मोडला. "तुनी मायले इचार, भाकर शे का पत्रा शे?"

सोनाली स्वयंपाकाच्या ओट्यापर्यंत गेली. चार पावलं. तिथे आईच्या कानाशी काहीतरी बोलली आणि परत येऊन जेवायला बसली. दुसऱ्या दिवशी भाकरी तव्यावर अंमळ जास्त राहिली. त्याच्या पुढच्या दिवशी आणखी. नवव्या दिवशी भटूने भाकरी ताटावर वाजवून पाहिली, तर ताट वाजलं. तरी तो ती खात राहिला, कारण बायकोकडून निरोप मोठे गोड येत होते. "मम्मी म्हने, पप्पा थकी जातंस." असं ऐकल्यावर भाकरीबद्दल काय बोलणार?

नाक्यावरून त्याने एकदा ढोकळ्यासारखं पिवळं खमण आणलं. मम्मीला फार आवडलं, असं कळलं. मग तो रोज आणू लागला. रंजनाला खमण बघूनच आंबट ढेकर यायची, पण पप्पांनी खास तुझ्यासाठी आणलंय म्हटल्यावर ती पाण्याच्या घोटाबरोबर गिळायची. माणूस बोलत नाही, पण सुधारलाय, असं तिच्या मनात यायला लागलं. त्याच्याही मनात तेच. आणि सगळं इतकं चांगलं चाललेलं असताना आधी तोंड उघडायची गरज दोघांपैकी कुणालाच वाटेना.

मग सोनालीचं पोट दुखायला लागलं.

रोज शाळा सुटायच्या वेळी. पावणेपाच वाजले की ती बाकावर डोकं टेकायची. डॉक्टरने पोट दाबून पाहिलं, काही सापडलं नाही.

"तुनी मायले सांग, पोरले ठेचा कमी दे."

"तुना पप्पाले सांग, रोज खमण कोन आनस?"

हे निरोप सोनाली एका हाताने पोट धरून आणि दुसऱ्या हाताने वही धरून नेत होती. दहाव्या दिवशी शाळेतून वर्गाच्या बेनची, म्हणजे बाईंची, चिठ्ठी आली. आईवडील दोघांनी यावे. दोघांनी या शब्दाखाली रेघ.

त्या संध्याकाळी घरात तह झाला. तो सोनालीनेच दोन्हीकडे विचारून लिहिला.

बेनसमोर बोलायचं.
हसून बोलायचं.
फाटकाच्या आतच. बाहेर आल्यावर पहिल्यासारखं.

भटूने आपले माग शेजारच्या मागांवरच्या चिंधाच्या भरवशावर टाकले, नवा शर्ट घातला. रंजनाने साखरपुड्याची साडी नेसली. शाळेच्या फाटकातून आत पाऊल टाकताच भटू हसला. रंजनाही हसली. फाटकावरच्या शिपायाला वाटलं, आपल्यालाच हसताहेत.

कविताबेननी सोनालीला व्हरांड्यात बसवलं आणि दोघांना खुर्च्या दिल्या. "घरी काही भांडण वगैरे?"

"नाही बेन," भटू म्हणाला. "आमच्या घरात तर आवाजसुद्धा नसतो."

"पोरगी घाबरलेली वाटते."

"घाबरेल कशाला?" रंजना म्हणाली. "पोट बिघडलंय. बेन, यांना विचारा, रोज खमण कोण आणतं."

"तुम्ही रोज खमण आणता?" बेननी भटूला विचारलं.

"बेन, तिला सांगा, तिलाच आवडतं म्हणून आणतो."

"तुम्हाला आवडतं म्हणून आणतात ते," बेन रंजनाकडे वळून म्हणाल्या.

"मला? त्यांना सांगा, ते खास माझ्यासाठी आणतात म्हणून मी गिळते."

"त्या म्हणतात..." बेन भटूकडे वळल्या आणि अर्ध्यात थांबल्या. चष्मा काढून टेबलावर ठेवला. "मी हे काय करतेय?"

बेननी खणातून तपासायला आलेली गणिताची वही काढली, मागून उघडली आणि दोघांच्या मध्ये ठेवली.

पानाच्या मधोमध पट्टीने रेघ मारली होती. डावीकडे लिहिलं होतं, काय बोलले. उजवीकडे, काय सांगायचं.

डावीकडे: पप्पा, भाकरी आहे का पत्रा. उजवीकडे: भाकरी कडक आवडली.

डावीकडे: मम्मी, हे पिवळं कुत्रंसुद्धा खाणार नाही. उजवीकडे: मम्मीला खमण फार आवडलं.

डावीकडे: पप्पा, खायचं तर खा नाहीतर फेक. उजवीकडे: पप्पांनी खास तुझ्यासाठी आणलं.

भटू चौथीपर्यंत शिकलेला. तो बोट ठेवून वाचत होता आणि त्याचे कान लाल होत चालले होते. एका ओळीवर बोट थांबलं. उजवीकडे होतं, मम्मी म्हणते पप्पा थकतात. डावीकडे काहीच नव्हतं. तिथे सोनालीने नुसती आडवी रेघ मारली होती. तशा रेघा पुढच्या पानावर आणखी सात होत्या. रंजनाने त्या मोजल्या आणि पदर तोंडाशी धरला. पलीकडच्या वर्गात पोरं पाढे म्हणत होती. भटूला वाटलं, मागांचा आवाज बरा, त्यात माणसाला लपता येतं.

बेननी सोनालीला आत बोलावलं.

ती दारात उभी राहिली. आधी आईकडे पाहिलं, मग वडिलांकडे, मग टेबलावरच्या वहीकडे. मग खिशातून पेन्सिल काढली.

"काय सांगनं शे?" तिने विचारलं.

"काही नही," दोघं एकदम म्हणाले.

भटूला रंजनाची माफी मागायची होती. त्याने तोंड उघडलं आणि अकरा दिवसांतलं पहिलं वाक्य बाहेर पडलं, "भाकर इतली कडक नको करत जाऊ."

"माले काय माहीत," रंजना म्हणाली. "आनि माले खमण आवडत नही."

बेन खिडकीबाहेर पाहू लागल्या. सोनालीने एकदा इकडे पाहिलं, एकदा तिकडे. वाक्यं तिच्या डोक्यावरून परस्पर चालली होती. पेन्सिलीचं काय करावं ते तिला कळेना. तिने ती बेनच्या टेबलावर ठेवली.

फाटकाबाहेर आल्यावर तिघं थांबले. तह फाटकापुरताच होता. रंजना सवयीने खाली वाकली. "सोना, तुना पप्पाले..." आणि तशीच सरळ झाली. तिने नवऱ्याकडे पाहिलं. सरळ नाही, त्याच्या शर्टाच्या दुसऱ्या बटणाकडे.

"रिक्षा करा," ती म्हणाली.

"करस," भटू म्हणाला.

रिक्षात सोनाली दोघांच्या मध्ये बसली होती. पाच वाजून गेले होते. तिचं पोट दुखतंय का, हे विचारायचं दोघांच्याही ओठांवर होतं, पण कोणत्या तोंडाने विचारायचं ते कळत नव्हतं.

अबोल्याच्या सहाव्या दिवशी, शनिवारी, सोनाली नऊ वर्षांची झाली होती. वहीत त्याबद्दल ना डावीकडे काही होतं, ना उजवीकडे.