जोडी क्रमांक चौदा

सगळ्याची सुरुवात मी टॉवेल हुंगला तिथून झाली.

शहाण्या माणसाने बायकोचा टॉवेल हुंगू नये. (वेड्यानेही हुंगू नये, पण त्याला लोक निदान सांभाळून घेतात.) त्या सकाळी नेहमीपेक्षा लवकर, सहाच्या सुमारास मी बाल्कनीत गेलो तर दोरीवर तिचा टॉवेल ओलाचिंब. रात्री तो कोरडा होता. बाथरूमची फरशी मात्र ठणठणीत कोरडी. ओला टॉवेल आणि कोरडं बाथरूम यांचा मेळ बसेना, म्हणून मी फक्त एकदा हुंगून बघायचं ठरवलं. साबणाचा वास नव्हता. शेवाळाचा होता.

आता माझा धंदाच संशयाचा. एका कारखान्याच्या हजेरी विभागात मी बावीस वर्षं बसतोय. उशिरा येणारा प्रत्येक माणूस आधी माझ्या टेबलापाशी येतो आणि कारण सांगतो. एका फिटरची आजी माझ्या टेबलावर पाच वेळा वारली. पाचव्या वेळी मी त्याला विचारलं, "या खेपेला तरी नक्की ना?" असा मी. माझ्याशी खोटं बोलणं सोपं नाही, हे कारखान्यात शिपायापासून मॅनेजरपर्यंत सगळ्यांना ठाऊक आहे. घरात कुणी ते मनावर घेत नाही, ती गोष्ट वेगळी.

"टॉवेल ओला कसा गं?" मी सहज विचारल्यासारखं विचारलं.

"पाण्यामुळे," बायको म्हणाली आणि चहा ओतायला वळली.

बघा! खरं बोलणारा माणूस असं एका शब्दात उत्तर देत नाही. मी लगेच खिशातली डायरी काढून तारीख टाकली.

चार-पाच दिवसांत डायरीचं पान भरलं. तिच्या तळपायांना बारीक वाळू. सकाळच्या दोन केळ्यांच्या जागी चार. गुणगुणणं. आणि सगळ्यात गंभीर नोंद म्हणजे घरातली शांतता. आमच्या घरी बायको आणि माझी आई यांचं चौदा वर्षं कधी पटलं नाही. खिडकी उघडी ठेवायची की बंद, इथून दिवस सुरू व्हायचा. दोघींच्या मधला पूल म्हणजे मी. (पूल म्हणजे दोन्ही बाजूंनी तुडवला जाणारा.) पण गेले तीन महिने भांडण असं नाहीच. खिडकी अर्धी उघडी. मी ताडलं, बायकोचं घरात लक्षच उरलेलं नाही. जिचं लक्ष नाही ती भांडेल कशाला?

आईला साक्षीदार करावं म्हटलं तर तीही पहाटेच बागेत फिरायला जाते. तरी मी तिला एकटं गाठलं.

"आई, हिच्यात तुला काही फरक जाणवतो का?"

"जाणवतो की," आई म्हणाली. "दम वाढलाय पोरीचा."

"दम?"

"म्हणजे कामाचा उरक रे. चांगली आहे हो ती. तू उगाच तिच्या मागे लागू नकोस."

मी कप खाली ठेवून डायरी काढली. चौदा वर्षांत आईने तिला 'चांगली' म्हटल्याची ही पहिलीच नोंद. म्हणजे बायकोने आईलाही फितवलं होतं!

आता माणूस कोण, एवढाच प्रश्न होता, आणि तो तळमजल्यावर राहत होता. दातांचे डॉक्टर. खांदे दारात अडकतील असे. पार्किंगमध्ये त्यांची होडी पालथी ठेवलेली असते आणि सकाळी साडेसहाला ते ओल्या केसांनी शीळ घालत घरी येतात. मी त्यांच्याजवळून दोनदा मुद्दाम गेलो आणि खोल श्वास घेतला. शेवाळ!

"दात दुखतोय का?" त्यांनी विचारलं.

"सध्या तरी दात नाही," मी म्हणालो आणि अर्थपूर्ण नजरेने पाहिलं. त्यांनी मला सोमवारची अपॉइंटमेंट दिली.

मग एक दिवस चष्म्याची केस शोधताना (खरंच चष्म्याची केस शोधत होतो) बायकोच्या पर्समध्ये एक चिठ्ठी सापडली. 'तलाव शर्यत. वल्हवणे, धावणे, पोहणे. जोडी क्रमांक १४.' खाली तिच्या अक्षरात, 'धावणं आणि पोहणं मी. होडी त्यांची.'

त्यांची! मी पर्स जागेवर ठेवली आणि पलंगावर बसलो. आता थट्टा बाजूला ठेवून सांगतो. शेजारी आमचा लग्नानंतरचा एक फोटो आहे, बागेतल्या बाकावर काढलेला. त्यात ती माझ्याकडे बघून हसतेय आणि मी फोटोग्राफरकडे संशयाने बघतोय. चौदा वर्षांत मी तिला कुठे घेऊन गेलो, कधी तिच्याबरोबर पळलो, पोहलो, याचा हिशोब करायला बोटंसुद्धा लागली नाहीत. जोडी म्हणून आता तिचं नाव दुसऱ्याच कुणाबरोबर लागलं होतं, आणि तेही रीतसर क्रमांकासह.

दुसऱ्या दिवशी मी अर्धी रजा टाकून तलावावर गेलो. (कारण लिहिलं, आजी आजारी. माझी आजी जाऊन वीस वर्षं झाली.) काठावर पत्र्याची शेड, आत एक टेबल आणि टेबलामागे कानामागे पेन्सिल खोचलेले एक सेक्रेटरी.

"जोडी क्रमांक चौदामधलं दुसरं नाव सांगता का?"

"नावं फक्त स्पर्धकांना दाखवतो," ते म्हणाले. "पण काय वल्हवतात हो! मनगट बघा त्यांचं एकदा. अन् दरारा असा की वारा सुटला तर वाऱ्यालाच दम भरतात. आमचे तरणेताठे त्यांच्यासमोर उभे राहत नाहीत."

माझ्या डोळ्यांसमोर ते खांदे आले.

"आणि माणूस कसा आहे?" मी घसा खाकरत विचारलं.

"प्रेमळ. बाईंना जीव लावलाय अगदी. रोज संत्रं सोलून देतात."

संत्रं! मला संत्रं सोलून द्यायला कुणी नाही आणि मी कुणाला दिलंही नाही. डोकं तापलं. "स्पर्धक व्हायला काय करावं लागतं?"

त्यांनी फॉर्म पुढे सरकवला. सही करून मी दरडावून म्हणालो, "आता दाखवा नाव."

"यादी शर्यतीच्या दिवशी लागते," सेक्रेटरी म्हणाले. "एकटेच आहात ना? मग तिन्ही टप्पे तुम्हालाच. क्रमांक बावीस. शाबास, तुमच्या वयाला!"

अशा रीतीने मी पन्नाशीला टेकलेलो असताना, पोटासकट, होडी, पळणं आणि पोहणं अशा तिहेरी शर्यतीत उतरलो. हातात तीन आठवडे होते. होडीचा सराव मी कारखान्याच्या गच्चीवर केला, स्टुलावर बसून झाडूने. पळण्याचा सराव बसच्या मागे आपोआप होतो. पोहायला मी लहानपणी शिकलो होतो, म्हणजे मला पाण्यात ढकललं होतं आणि मी बाहेर आलो होतो. श्वास रोखण्याचा सराव तेवढा घरी, बादलीत तोंड घालून.

दारावर थाप पडली. "अहो, आत काय बुडबुडतंय?"

"गुळण्या करतोय!"

"पंधरा मिनिटं?"

"घसा खोल आहे!"

बाहेर आईचा आवाज, आणि दोघींची कुजबुज. कान लावला तर कुजबुज थांबली. बाहेर आलो तेव्हा दोघी अगदी निरागस चेहऱ्याने एकच वर्तमानपत्र वाचत होत्या.

शर्यतीच्या दिवशी मी "ऑफिसात तपासणी आहे" असं सांगून पहाटे साडेचारलाच सटकलो. यादी लागली होती, पण तिच्याभोवती ही गर्दी, आणि माझा चष्मा मी सुरक्षित राहावा म्हणून बुटात घालून बूट पळण्याच्या जागी ठेवून आलो होतो. तेवढ्यात शिट्टी झाली आणि मला कुणीतरी होडीत बसवलं.

झाडू आणि वल्हं यांत फरक आहे. झाडूला पाणी विरोध करत नाही. सगळ्या होड्या पुढे गेल्या आणि माझी तिथल्या तिथे गिरक्या घेऊ लागली. प्रत्येक गिरकीत मला काठाचा एकेक तुकडा दिसायचा: शेड, झाड, गर्दी, परत शेड. चौथ्या की पाचव्या गिरकीत बायको दिसली. काठावर, पळायच्या तयारीत, केस घट्ट बांधलेले. आणि तिच्याकडे सगळ्यांच्या पुढे सुसाट येणारी एक होडी. वल्हवणारी आकृती टोपी आणि फुगलेल्या जॅकेटमध्ये, माझ्याकडे पाठ. होडी टेकली. आकृती उतरली. आणि माझ्या बायकोने, शंभर लोकांच्या देखत, तिला कडकडून मिठी मारली.

"अरे!" असं ओरडून मी उभा राहिलो. होडीत उभं राहायचं नसतं, हे फॉर्मच्या मागे छापलेलं होतं म्हणे.

पाणी नाकात गेलं, तोंडात गेलं, आयुष्य डोळ्यांपुढून गेलं. (त्यात बराचसा भाग हजेरीचाच होता.) मी हातपाय झाडत ओरडू लागलो, "वाचवा! बुडतोय!" तोच एक मदतीची होडी आली आणि ओळखीचा आवाज आला.

"उभे राहा."

"कसा उभा राहू? बुडतोय मी!"

"अहो, आधी उभे तर राहा!"

मी उभा राहिलो. पाणी बेंबीपर्यंत होतं. समोर मदतीच्या होडीत दातांचे डॉक्टर, गळ्यात शिट्टी.

"तुम्ही!" मी त्यांच्याकडे बोट रोखलं. "तुम्ही इथे, मग तिकडे कोण?"

"मी दर वर्षी बचावपथकात असतो," ते म्हणाले. "या खेपेला वहिनींनी बजावलं होतं, बावीस नंबरावर डोळ्यात तेल घालून लक्ष ठेवा म्हणून. तुम्ही सोमवारी आला नाहीत."

वहिनींनी? म्हणजे तिला माहीत होतं! मी चिखल तुडवत काठावर आलो. तिथे एका उत्साही माणसाने माझ्या पायांत बूट कोंबले, डोळ्यांवर चष्मा चढवला आणि "बावीस, पळा!" म्हणून पाठीत धपाटा घातला. कुणाला काही समजावून सांगण्याची सोय नव्हती. मी पळालो. म्हणजे थोडा पळालो, मग भराभर चाललो, मग नुसताच चाललो. तेवढ्यात समोरून पळण्याची फेरी संपवत बायको आली. ताठ मान, लाल चेहरा, एकसारखी पावलं. इतकी छान दिसत होती की मी रागवायचं विसरलो.

"अहो, बूट उलटसुलट घातलेत," ती न थांबता म्हणाली.

"तुला कधीपासून माहीत होतं?"

"गुळण्यांपासून! पोहून आले की बोलू!" आणि गेलीसुद्धा.

मी लंगडत शेडपाशी परतलो. तिथे घडीच्या खुर्चीत, डोक्यावर टोपी, अंगात केशरी जॅकेट आणि मांडीवर संत्र्याची सालं, अशी माझी आई बसली होती.

"आई?" मी चष्मा पुसून परत बघितलं.

"बस," आई म्हणाली. "होडीत उभा कशाला राहिलास? नदीकाठच्या बाईचा मुलगा ना तू! लाज आणलीस."

तिचं माहेर नदीपलीकडचं. शाळेत ती स्वतः होडी वल्हवत जायची. हे तिने मला शंभरदा सांगितलं असेल, आणि शंभरही वेळा मी 'हं' म्हटलं होतं. बायकोने एकदाच ऐकलं आणि दुसऱ्या दिवशी तिला तलावावर घेऊन आली.

"मग बागेत फिरायला जाते म्हणायचीस ते?"

"तुला खरं सांगितलं असतं तर तू म्हणाला असतास, आई, या वयात? मग चौकशी, मग डायरी." तिला डायरीही माहीत होती.

तेवढ्यात टाळ्या झाल्या. बायको पाण्यातून बाहेर आली. जोडी क्रमांक चौदा दुसरी आली होती. दोघी एकमेकींच्या गळ्यात पडल्या, रडल्या, हसल्या. मी टॉवेल घेऊन बाजूला उभा राहिलो. शेवाळाचाच वास, पण आता बरा वाटत होता. मनातलं ओझं उतरलं होतं आणि त्या जागी चांगलीच लाज येऊन बसली होती.

"चुकलो," मी म्हणालो. अगदी मनापासून. "भलतासलता संशय घेतला. पण आता ठरलं. उद्यापासून रोज पहाटे मीसुद्धा तुम्हा दोघींबरोबर येणार. पुढच्या वर्षी तिघं मिळून उतरू."

मला वाटलं होतं, दोघींचे डोळे भरून येतील. पण बायकोने आईकडे पाहिलं. आईने बायकोकडे पाहिलं. असं पाहणं मी बावीस वर्षं टेबलापलीकडून ओळखतो. काहीतरी लपवताना दोघं साथीदार असंच बघतात.

"काय झालं?" मी विचारलं. "खरं काय ते सांगा."

"तसं काही नाही हो," बायको केस पिळत म्हणाली. "पण तीन महिने रोज तासभर आम्ही दोघी इथे मनसोक्त बोलतो. त्यामुळेच तर आमचं जमलं."

"मग मी आलो तर काय बिघडेल?"

आईने संत्र्याची शेवटची फोड सुनेच्या हातावर ठेवली.

"अरे, तूच आलास," ती म्हणाली, "तर आम्ही बोलायचं कुणाबद्दल?"