ग्यानबाच्या मागे

ग्यानबा लग्नात अक्षता टाकतो त्या नवरानवरीकडे पाठ करून. मंगलाष्टकं सुरू झाली की हा मांडवात गर्रकन वळतो आणि कमरेजवळून दोन्ही हातांनी अक्षता मागे सोडतो. वडवणीच्या एका लग्नात नवरीच्या मामाने त्याला धरलंच. "ओ पाव्हणं, तोंड फिरवायला काय झालं?"

ग्यानबा शांतपणे म्हणाला, "मामा, पुढं टाकलं की फाऊल हाय."

ग्यानबा भारताकडून सहा वर्षं रग्बी खेळलाय. आमच्या नेकनूरात हे सगळ्यांना माहीत आहे. रग्बी म्हणजे काय, ते मात्र कुणालाच नाही. हॉटेलात कुणी विचारलं तर तो समजावतो, "चेंडू लांबुळका असतो. तो घेऊन पुढं पळायचं, पर हातानं द्यायचा मागंच. म्हंजे मागं माणूस पायजे."

"आन मागं कुनी नसलं तर?"

"मग खेळायचं कावून बे?"

खेळ सुटला, सवय राहिली. चहाचा कप मागे, विळा मागे, एसटीत तिकिटाचे पैसेही खांद्यावरून मागे. देण्याआधी एकच अट, "आवाज दे." मागच्याने "हाय" म्हणायचं. मैदानात चेंडू घेऊन पळणाऱ्याला मागे बघायला सवड नसते, तो आवाजावर देतो. वहिनी म्हणतात, "लग्नाला पंधरा वर्सं झाली, ह्यांच्या पाठीशीच बोलायले मी." एकदा बैल टेम्पोत चढेना, तर ह्याने सात जणांना रग्बीतल्यासारखं वाकवून, खांद्याला खांदा लावून रेटायला लावलं. बैल चढला. सातांतले दोघे आठवडाभर सरळ झाले नाहीत.

मी मात्र त्याच्या मागे कधी उभा राहत नाही. शेजारी बसतो, समोरून येतो. का, ते आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

आम्ही दोघं शाळेत कबड्डी खेळायचो, एकाच पलटणीत भरती झालो. साहेबांनी आमचे खांदे बघून रग्बीला घातलं. ग्यानबा भारताच्या संघात आधी गेला, मी फार उशिरा. माझा पहिला सामना श्रीलंकेत होता. शेवटची मिनिटं, आम्ही थोडे पुढे. ग्यानबा चेंडू घेऊन पळत होता, दोघं त्याच्या अंगावर आलेले. मी त्याच्या मागे, डावीकडे. मी ओरडलो, "हाय!" त्याने न बघता चेंडू सोडला. तेवढ्यात तिसरा धिप्पाड गडी मला माझ्यावर येताना दिसला आणि माझे पाय थांबले. चेंडू रिकाम्या गवतावर पडला, तो त्यांनी उचलला, आम्ही हरलो.

सामना संपल्यावर संघाच्या साहेबाने मला विचारलं, "तू आवाज दिला होतास?"

मी म्हणालो, "नाही."

ग्यानबा बाजूलाच बूट सोडत होता. काही बोलला नाही. 'न बघता कुठंही चेंडू फेकणारा' असा त्याच्यावर शिक्का बसला आणि त्याला पुन्हा बोलावणं आलं नाही. पुढली दोन वर्षं भारताची जर्सी मी घातली.

परवा त्याच्या कलिंगडाच्या वावरात गेलो. टेम्पो भरायचा होता. हा वाकून कलिंगड उचलायचा आणि मागच्या गड्याकडे सोडायचा. गडी पाणी प्यायला गेलेला. माझी पावलं ऐकून ग्यानबा हातातलं कलिंगड घेऊन तसाच पाठमोरा थांबला. "आवाज दे."

'हाय'च्या जागी माझ्या तोंडून भलतंच निघालं. "त्या दिवशी मी आवाज दिलता, ग्यानबा."

कोणत्या दिवशी, हे त्याने विचारलं नाही.

"दिलताच की. तुझा आवाज मला कळना व्हय?"

"मग साहेबाला सांगितलं कावून न्हाईस?"

"तुझी पयलीच मॅच व्हती. पयल्या मॅचला मी बी थांबलो व्हतो बे. माझ्या म्होरच्यानं न्हाई सांगितलं." त्याने कलिंगड हातात सावरलं. "तवापासून तू म्होरनंच येतूस. मी वाट बघायलो."

माझं एक पाऊल सवयीने त्याच्या समोरच्या बाजूला वळलं.

"हात दुखायलेत," तो म्हणाला. "आवाज दे."

मी दोन पावलं डावीकडे सरकलो, तेव्हा जिथे असायला हवं होतं तिथे. म्हणालो, "हाय."

कलिंगड सात-आठ किलोचं तरी असेल. छातीवर आदळलं. सोडलं नाही.