सातवं पाणी

काष्टीच्या बाजारतळाजवळचं रंभाजीचं चहाचं हॉटेल तीस वर्षं चाललं ते एका शब्दावर: चोथ्यावर दुसरं पाणी ओतायचं नाही. चहा एकदा उकळला, गाळला, की चोथा थेट गुलाबाच्या बुंध्याशी. समोरचा हॉटेलवाला काय करतो ते रंभाजी कधी तोंडाने बोलत नसे, गिऱ्हाइकाकडे बघून नुसती भुवई उडवत असे. आणि एका घोटात दूध म्हशीचं की गाईचं, आलं ताजं की कालचं, हे तो डोळे मिटून सांगे.

म्हणून सुप्याच्या कारखान्यात नोकरीला असलेल्या लेकीने, माधुरीने, तैवानच्या पांढऱ्या चहाची पुडी पाठवली, तेव्हा हे तर आपलंच काम, असं त्याने जाहीर करून टाकलं. पुडी तिच्या लिन साहेबांनी त्यांच्या मुलखातून आणलेली. सोबत निरोप होता: एकाच पत्तीवर नऊ वेळा पाणी ओतायचं, दर वेळी चव बदलते, खरी चव सातव्या पाण्याला येते. साहेब रविवारी अकराला घरी येणार आणि सातवं पाणी कसं लागलं ते विचारणार.

"आण्णा, मी साहेबांना सांगितलंय, माझे वडील चहाचं हॉटेल चालवतात आणि त्यांच्यासारखी जीभ कुणाची न्हाई," माधुरी फोनवर म्हणाली.

रंभाजीला भरून आलं. कॉलेजात असताना हीच पोरगी मैत्रिणींना 'वडिलांचा बिझनेस आहे' एवढंच सांगायची. आता तिची मान खाली जाऊ द्यायची नाही. त्यासाठी नऊ काय, नव्वद पाणी प्यावं लागलं तरी बेहत्तर!

रविवारी त्याने हॉटेलचं शटर उघडलंच नाही. याआधी ते बंद राहिलं होतं ते फक्त त्याची आई वारली तेव्हा. जीभ ताळ्यावर राहावी म्हणून सकाळपासून तंबाखू बंद आणि बोलणंही बंद. घराच्या अंगणात सतरंजी टाकून, हॉटेलातली मोठी किटली पुढ्यात घेऊन तो बसला.

"अवो, ही काय पत्ती हाय? लव आलेला पाला हाय नुसता," त्याची बायको भागिरथी पुडीत डोकावून म्हणाली.

रंभाजीने बोट ओठांवर ठेवलं. पांढरा चहा म्हणजे पांढराशुभ्र निघेल अशी त्याची कल्पना. पहिलं पाणी निघालं फिकट पिवळं आणि बेचव. दुसऱ्याला ओल्या गवताचा वास आला. तिसऱ्याला मात्र काहीतरी फुलासारखं जिभेवर आलं आणि निसटलं. डोळे मिटून, मान वर करून तो त्याचा माग काढत बसला.

तेवढ्यात शेजारची गोजरबाई ताकाची लोटी परत द्यायला आली. येताना तिने हॉटेल बंद पाहिलं होतं. इथे रंभाजी सतरंजीवर, पेल्यात कोरा चहा, आणि भागिरथीने तोंडाला पदर लावलेला. पदर हसू दाबायला होता, पण ते गोजरबाईला कसं कळावं? दुधाची कासंडी भरलेली असताना घरात कोरा चहा होतो तो मयत झाल्यावरच.

"कवा झालं?" तिने हळूच विचारलं.

रंभाजीने गप बस म्हणून हात वर केला. गोजरबाईला तो आभाळाकडे केलेला दिसला. लोटी पायरीवर ठेवून ती तशीच माघारी फिरली.

पंधरा मिनिटांत अंगण भरलं. बाप्ये एका बाजूला, बाया दुसऱ्या बाजूला, सगळ्यांच्या माना खाली. कोण गेलं हे कुणी कुणाला विचारेना, कारण दुखवट्याला येऊन ते विचारणं बरं दिसत नाही. भागिरथीला वाटलं, ही मंडळी साहेबाला बघायला आली. आल्या माणसाला चहा द्यायचा, म्हणून तिने चौथं पाणी वाटलं, पाचवंही वाटलं. सहावं पिता पिता गल्लीतल्या रतनबाईने मोठ्याने गळा काढला. चहा एवढा काही वाईट नाही, असं रंभाजीच्या मनात आलं.

रंभाजीने सातवं पाणी किटलीत ओतलं. या पाण्याला जीभ लख्ख हवी, म्हणून तो मोरीत जाऊन तीनदा चूळ भरून आला. येऊन बघतो तर किटली रिकामी. भागिरथी शेवटचा पेला रतनबाईच्या हातात देत होती. पत्तीवर पुन्हा पाणी ओतावं, तर ते आठवं झालं असतं.

आणि त्याच क्षणी माधुरी साहेबांना घेऊन दारात आली. वाटेत बंद शटर आणि इथे अंगणातली गर्दी बघून पोरगी साहेबांना दारातच सोडून आत धावली. मग ओल्या मिशांचा बाप समोर उभा दिसला.

"आण्णा, कोण गेलं?"

"कुठं कोण गेलं?" रंभाजी सकाळपासून पहिल्यांदा बोलला.

सगळ्या माना एकदम वर झाल्या आणि गोजरबाईकडे वळल्या. गोजरबाई पायरीवरच्या लोटीकडे बघू लागली.

साहेबांना यातलं काहीच कळलं नाही. वीस-पंचवीस माणसं बिनदुधाचा, बिनसाखरेचा चहा मान खाली घालून, शब्द न बोलता पिताहेत, एक बाई तर रडते आहे, हे दारातूनच बघून त्यांचेच डोळे भरून आले होते. माधुरीने सांगितलं, "साहेब म्हणतात, या चहाला इतका मान त्यांनी त्यांच्या गावातबी बघितला न्हाई. आता सातवं कसं लागलं ते विचारतायत."

रंभाजीच्या जिभेवर चुळीचं पाणी होतं. थाप मारावी म्हटलं तर लेक एकटक त्याच्याकडेच बघत होती.

"मला घावलंच न्हाई," तो म्हणाला.

रतनबाईने नाक पुसलं. "मी पिले की. रडून घसा कोरडा पडल्ता. आदी जरा तुरट लागलं, मागनं गूळ खाल्ल्यावानी झालं."

माधुरीने ते साहेबांना सांगितलं. साहेब पुढे आले आणि त्यांनी कमरेत वाकून रतनबाईला नमस्कार केला. तीस वर्षांची जीभ बाजूलाच राहिली. पण माधुरी तोंडभर हसत होती, आणि रंभाजीला तेवढं पुरे होतं.

आता आपला चहा पाजल्याशिवाय साहेबांना सोडायचं नाही, असं ठरवून तो त्यांना हॉटेलात घेऊन आला. दुखवट्याची मंडळीही मागोमाग आली. शटर वर गेलं. म्हशीचं दूध, ठेचलेलं आलं, सढळ हाताने साखर. साहेबांनी डोळे मिटून पेला संपवला आणि माधुरीला काहीतरी म्हणाले. माधुरी घुटमळली.

"आण्णा, लई आवडला म्हणतायत. आता ह्याचं दुसरं पाणी पाजा म्हणतायत."

समोरचा हॉटेलवाला नेमका आपल्या पायरीवर येऊन उभा होता. रंभाजीने साहेबांच्या रिकाम्या पेल्याकडे पाहिलं, लेकीकडे पाहिलं. मग उठून त्याने शटर अर्धं खाली ओढलं, रस्त्याकडे पाठ केली आणि चोथ्यावर पाणी ओतलं.