फिरता फलक

या, असे पुढे सरकून बसा. कीर्तनाला लांब बसणाऱ्याला टाळ ऐकू येतो आणि शब्द निसटतो. आज एका कीर्तनाचीच गोष्ट सांगतो, पण बुवा उभे राहण्याआधीची. नाशिकात महानगरपालिका नवी नवी झाली होती, त्या सुमाराची.

द्वारकेच्या चौकात सावळीरामची पिठाची गिरणी होती. त्या दिवशी सकाळी तो गिरणी बंद ठेवून, दोन बांबूंना बांधलेल्या आपल्या बोर्डाकडे डोळे भरून बघत उभा होता. पत्र्याचा, माणसाहून उंच बोर्ड. वर पिवळ्या रंगात 'हरिकीर्तन', खाली 'आज सायंकाळी, पंचवटी' आणि त्याखाली देवळ्याच्या कारभारीबुवांचे नाव.

मागल्या वर्षी याच बुवांच्या कीर्तनाला मंडपात इतकी थोडी माणसे होती, की बुवांनी प्रत्येकाला नाव विचारून घेतले. कुणाला कळवायचेच राहिले होते. जाताना बुवा म्हणाले होते, "सावळीराम, पाय थकले रे बाबा. पुढच्या साली एकदा येईन, मग चिपळ्या खुंटीला." तेव्हापासून सावळीरामचे काळीज थाऱ्यावर नव्हते. म्हाताऱ्याचे शेवटचे कीर्तन रिकाम्या सतरंज्यांपुढे होऊ द्यायचे नाही, एवढा एकच ध्यास.

"हा फलक कोणाचा?" मागून आवाज आला.

सायकल धरून देवरे साहेब उभे होते. पालिकेच्या जाहिरात खात्याचे निरीक्षक. माणूस वाईट नव्हता, पण नियमापुढे त्याला आईबाप दिसत नसत. सख्ख्या सासऱ्याच्या दुकानाची पाटी त्यांनी उतरवली होती, आणि सासुरवाडीत त्यांना अजून बिनसाखरेचा चहा मिळत होता.

"देवाचा आहे, साहेब," सावळीराम म्हणाला.

"देवाने परवाना काढलाय का?"

"साहेब, कीर्तनाला कसला परवाना?"

"कीर्तनाला नाही, फलकाला. सार्वजनिक रस्त्यावर फलक उभा करायचा तर अर्ज, मग समिती, मग मंजुरी."

"आणि समिती कधी बसते?"

"पुढच्या महिन्यात."

"पण कीर्तन आज आहे हो!" सावळीरामचा आवाज फाटला. साहेबांबरोबरचा शिपाई तोवर सुंभाची गाठ सोडू लागला होता.

सावळीरामची बायको लंकाबाई गिरणीच्या पायरीवर उपवासाची भगर निवडत होती. ती सूप बाजूला ठेवून आली. "सायेब, उभा करायचा नाय म्हंता. मंग फिरवला तर?"

देवरे साहेब विचारात पडले. खोटे बोलणे त्यांच्या स्वभावात नव्हते. "फिरत्या फलकाला नियम नाही," ते नाइलाजाने म्हणाले. "पण कुठेही थांबला, की तो उभा फलक झाला. मग जप्त. आणि ज्याने थांबवला, त्याच्यावर कारवाई. कोणी का असेना."

"चालंल!" म्हणून लंकाबाईने पिठाची पोती वाहायची हातगाडी ओढून आणली.

बोर्ड गाडीवर चढला, दोऱ्या आवळल्या गेल्या आणि दोघांनी दांडी धरली. मागून सायकलवर देवरे साहेब. पण सावळीरामच्या लक्षात एक गोष्ट आलीच नव्हती. देव दिसला आणि तो न थांबता पुढे गेला, असे जन्मात घडले नव्हते. चप्पल काढायची, डोळे मिटायचे, कान धरायचे, मगच पुढचे पाऊल. आणि हे नाशिक होते!

पहिलाच मारुती आला. सावळीरामचे हात आपोआप दांडीवरून सुटले.

"अहो, गाडी!" लंकाबाई ओरडली.

"अगं, मारुती आहे!"

"मारुतीला काय, तो कुठं जातोय? गाडी थांबली की बोर्ड जाईल!"

साहेबांनी खिशातून पेन्सिल काढलेली पाहून तिने पदर खोचला आणि गाडी एकटीने रेटली. सावळीराम नमस्कार उरकून, एक चप्पल पायात आणि एक हातात, धावत येऊन मिळाला. भद्रकालीपर्यंत हेच चालले. वडाखालचा शेंदरी दगड, म्हसोबा, दत्त, बोळाच्या तोंडाशी खंडेराव. तो थांबे, ती ढकली. भद्रकालीचा कळस दिसला तेव्हा तो रडकुंडीला आला.

"लंके, दुसऱ्या रस्त्यानं जाऊ."

"तिकडं काय देव नायत?"

"तिकडं जास्त आहेत," तो हताशपणे म्हणाला.

लोक मात्र गंमत बघायला गोळा होऊ लागले. न थांबणारा बोर्ड वाचायचा तर सोबत चालावे लागे. 'आज सायंकाळी' वाचून होईपर्यंत माणूस चार दुकाने पुढे आलेला असे. "बुवा कोण?" म्हणून दुसरा विचारी, तोही चालू लागे. सावळीरामला मात्र गर्दी दिसतच नव्हती. त्याला दिसत होती ती पेन्सिल, आणि देवळ्याहून एसटीने निघालेले बुवा.

रविवार कारंज्यावर चांदीच्या गणपतीपाशी लंकाबाईचा श्वास संपला. घामाने तिचे कुंकू ओघळले होते.

"ऐका. आज माझी संकष्टी हाय. सकाळधरनं एका बी देवाला हात जोडला नाय मी. घटकाभर दांडी धरा. हळूहळू चालवा, थांबू नका. धराल ना?"

"अगं, धरतो म्हणजे काय! तू निवांत नमस्कार कर."

तिने दांडी त्याच्या हाती दिली आणि देवाकडे वळली. पण सावळीरामनेही त्याच क्षणी गणपती पाहिला. जन्माची सवय! दोन्ही हात वर गेले आणि डोळे मिटले.

तिथून खाली गोदावरीच्या पुलापर्यंत चांगलाच उतार आहे. गाडी निघाली. आधी सावकाश, मग 'हरिकीर्तन' खडखडत, टांगेवाल्याला हुलकावणी देत, सुसाट. लंकाबाईचे हात जोडायचे राहिले, ती बोंब मारत धावली. "सरका! अहो, सरका!"

उताराच्या तळाशी गोजराबाई मेथीच्या जुड्या मांडून बसली होती. शेजारीच देवरे साहेब आधीच पुढे येऊन, सायकल लावून दबा धरून होते, पुलाच्या तोंडाशी गाडी हमखास अडेल म्हणून. गाडी थेट गोजराबाईवर येताना दिसली आणि साहेबांनी पेन्सिल टाकली, टोपी टाकली, गाडीला छाती लावली. दोन पावले मागे घसरत गेले, पण रेटून धरली. गाडी मेथीला टेकून थांबली.

धापा टाकत लंकाबाई पोचली. मागून दोन्ही चपला हातात घेऊन सावळीराम. त्याने थांबलेली चाके पाहिली आणि तो मटकन खालीच बसला. "गेला. बोर्ड गेला. बुवांना काय तोंड दाखवू?"

"थांबा वो," लंकाबाई म्हणाली. "गाडी कुनी थांबवली?"

"सायबानीच की!" गोजराबाई मेथी झटकत बोलली. "म्या या डोळ्यानं पाह्यलं. देव भलं करो त्यांचं."

"अहो, मी नसती थांबवली तर ही बाई..." साहेब बोलता बोलता अडखळले. ज्याने थांबवला, त्याच्यावर कारवाई. कोणी का असेना. सकाळचे स्वतःचेच शब्द. भोवती ही गर्दी, आणि सासऱ्याच्या पाटीची गोष्ट प्रत्येकाला ठाऊक.

"तसं अजून काय झालं नाय, सायेब," लंकाबाई हळूच म्हणाली. "तुमी सोडलीच नाय गाडी. जरा पुढं रेटा. चालती हाय म्हंजे चालती हाय."

गाडीवरचा हात न काढता देवरे साहेब मागे आले, दांडी धरली आणि गाडी ढकलली. पुलावरून, मग मालेगाव स्टँडच्या चढाने, थेट पंचवटीपर्यंत. वाटेत कुठे सोडायची सोय नव्हती. सोडली तर थांबली असती. सावळीराम मागून साहेबांची सायकल आणत, पुलावरून दिसणाऱ्या प्रत्येक कळसाला निर्धास्तपणे हात जोडत होता.

"सरकारी माणूस ढकलतोय," लोक म्हणत होते. "बुवा मोठे असणार!"

संध्याकाळी मंडपात पाय ठेवायला जागा नव्हती. बुवा उभे राहिले, त्यांनी शेवटच्या सतरंजीपर्यंत नजर फिरवली. मग चिपळ्या वाजल्या त्या थेट मध्यरात्रीपर्यंत. पहिल्या ओळीत देवरे साहेब मान डोलवत होते. सावळीराम मात्र पहिल्याच अभंगाला खांबाला टेकला आणि घोरू लागला. ज्यासाठी जिवाचे रान केले, त्यातला एक शब्द त्याला ऐकू आला नाही.

आरतीनंतर लोक बुवांच्या पाया पडत होते. शेवटी लंकाबाई वाकली. दिवसभराची हकिकत बुवांच्या कानावर गेली होतीच. त्यांनी तिला मध्येच अडवले आणि स्वतःच हात जोडले.

लंकाबाईने लगबगीने मागे वळून पाहिले, आपल्या पाठीशी कोणता देव आहे म्हणून.

तेव्हा मंडळी, रविवार कारंज्यावर गणपतीला हात जोडाल, तेव्हा एक नमस्कार जास्तीचा करा. तिचा त्या दिवशी राहून गेला होता. लंकाबाईची तेवढी आठवण असू द्या.