डावरेकाका सरळ चालले तेव्हा

संगणकाच्या बाईंना निवृत्त व्हायला दोन महिने उरले होते. त्यांच्या रोबोला मात्र मुख्याध्यापकांनी आठच दिवस दिले होते.

"सोमवारी नव्या प्रयोगशाळेचं उद्घाटन झालं की त्याला अडगळीच्या खोलीत हलवू," मुख्याध्यापक म्हणाले. "आता वीस कॉम्प्युटर आलेत. प्रत्येक स्क्रीनवर एकेक रोबो. धूळ नाही, चार्जिंग नाही, कशाला धडकणं नाही."

"धडकला नाही तर मुलं शिकणार कशी?" बाई म्हणाल्या.

मुख्याध्यापकांना हे बोलणं निवृत्तीजवळच्या माणसाचं वाटलं, म्हणून त्यांनी ते मनावर घेतलं नाही.

रोबो एकोणीस वर्षांचा होता. बिस्किटांच्या डब्याएवढा, पत्र्याचा, मागे दोन मोठी चाकं आणि पुढे एक फिरतं गोटीएवढं. कॉम्प्युटरला वायर लावून त्यात प्रोग्रॅम भरायचा, वायर काढायची आणि पाठीवरचं बटण दाबायचं. पुढे जा, थांब, अमुक अंश वळ, एवढंच त्याला कळे. पण पुढे जा म्हटलं की तो पुढे जाता जाता हळूहळू डावीकडे सरके. पहिल्या वर्षापासूनची खोड. कुठल्याशा वर्गानं त्याचं नाव ठेवलं डावरेकाका, आणि पुढच्या प्रत्येक वर्गाला ते नाव रोबोबरोबरच मिळालं.

बाईंचा पहिला तास दर वर्षी एकच असे. मुलांनी प्रोग्रॅम लिहायचा, दहा फूट पुढे. डावरेकाका निघायचे आणि डाव्या हाताच्या कपाटावर जाऊन आपटायचे. कपाटाचा खालचा कोपरा त्यामुळे पोचे पडून पडून गोल झाला होता.

"बाई, आम्ही बरोबर लिहिलंय. तोच चुकतोय," मुलं म्हणायची.

"तो चुकतोय हे त्याला माहितीये का?"

"नाही."

"तुम्हाला माहितीये?"

"हो."

"मग शहाणं कोणी व्हायचं?"

मग मुलं खडू आणि मोजपट्टी घेऊन जमिनीवर उपडी पडायची. कुणी म्हणे एक अंश, कुणी म्हणे दहा. दोन-तीन तासांनी कुणाला तरी सापडायचं की दर दोन फुटांनी तीन अंश उजवीकडे वळवलं की काका नाकासमोर जातात. ज्याला सापडे तो दिवसभर कॉलर ताठ करून हिंडे. उत्तर तीन अंश आहे हे बाईंना एकोणीस वर्षं माहीत होतं, पण त्यांनी ते एकदाही सांगितलं नव्हतं. कधी बाजारात एखादा टक्कल पडायला लागलेला माणूस समोर येऊन उभा राही आणि म्हणे, "बाई, तीन अंश." एवढ्यावरून त्या ओळखत, हा आपला विद्यार्थी.

तेव्हा बाईंनी मुख्याध्यापकांना शेवटचं एक मागणं घातलं. उद्घाटनाला कात्रीचं तबक डावरेकाकांनी न्यावं. व्हरांड्याच्या ह्या टोकापासून फितीपर्यंत. तोच प्रोग्रॅम त्याच वेळी मोठ्या स्क्रीनवरच्या रोबोलाही चालवायचा. दोघंही पोचले तर काकांना प्रयोगशाळेत जागा द्यायची.

"आणि नाही पोचला तर?"

"तर मीच उचलून अडगळीत ठेवते," बाई म्हणाल्या.

आठवीच्या मुलांनी प्रोग्रॅम लिहिला. दोन फूट पुढे, तीन अंश उजवीकडे, असं दहा वेळा. शेवटची ओळ होती, समोर काही लागेपर्यंत चालत राहा. फितीपुढे एक फळी उभी करायची, काकांच्या नाकावरचं बटण तिला टेकलं की ते थांबणार. शुक्रवारी तालीम झाली. काका फळीपाशी जाऊन असे अलगद थांबले की मॉनिटर मुलीनं त्यांच्या पत्र्यावर शाबासकीची थाप मारली.

पंचाईत झाली ती स्क्रीनवरच्या रोबोची. तो मुळातच सरळ चालणारा, त्यात मुलांचे तीन अंश, त्यामुळे तो भलत्याच उजवीकडे जायला लागला. बाईंच्या जागी येणाऱ्या नव्या मॅडम शांत स्वभावाच्या. त्यांनी कुणाला न दुखावता काकांची चाकं पट्टीनं मोजली, डावं किंचित लहान भरलं, तेवढंच स्क्रीनवरच्या रोबोचं डावं चाक लहान करून टाकलं. तोही फितीपाशी पोचायला लागला.

"म्हणजे तुम्ही चांगल्या रोबोला वाईट खोड लावलीत," बाई हसून म्हणाल्या.

"घरात मोठी माणसं जशी वागतात तशीच लहानं शिकतात," मॅडम म्हणाल्या. त्या दिवसापासून बाईंना त्या आवडायला लागल्या.

शनिवारी बाईंनी काकांना पुसायला म्हणून पिशवीत घालून घरी आणलं आणि रविवारी त्या बहिणीकडे गेल्या. घरात उरले डावरेकाका आणि बाईंचे यजमान.

यजमान घड्याळजी. डोळे थकले म्हणून त्यांनी दुकान बंद केलं होतं, पण हाताची सवय सुटली नव्हती. घरातलं कुठलंही दार कुरकुरण्याआधी ते त्याला तेल घालत. एकोणीस वर्षं ते बायकोच्या तोंडून ऐकत आले होते की काका डावीकडे जातात, आणि एकोणीस वर्षं तिनं त्यांना काकांच्या अंगाला हात लावू दिला नव्हता. आता ती निवृत्त होणार. तिला काहीतरी द्यायला हवं. साडी तिला निवडता येत होती, पुस्तकं तिची तीच आणत होती. यजमानांनी चष्मा पुसला, भिंग काढलं आणि कॅलिपर लावलं. डाव्या चाकाचं रबराचं कडं मुळातच उजव्यापेक्षा बारीक होतं, जेमतेम नखाएवढं. त्यांनी दोन्ही चाकांना एकाच पट्ट्याची नवी कडी बसवली, आस साफ केले, तेलाचा एकेक थेंब दिला आणि डावरेकाकांना स्वयंपाकघरातून दिवाणखान्यात सोडलं. काका फरशीच्या रेघेवरून गेले, रेघ न सोडता.

बाई परत आल्या तेव्हा यजमान वर्तमानपत्र उलटं धरून बसले होते. उद्या शाळेतून आल्यावर तिचं तोंड कसं दिसेल, याचाच ते विचार करत होते.

सोमवारी बाईंना सकाळी एक तालीम करून घ्यायची होती. पण व्हरांड्याची फरशी पुसून झाली होती आणि मुख्याध्यापकांनी दोरी बांधली होती. "आता पाहुणे येईपर्यंत हिच्यावर कुणाचा पाय पडायचा नाही. काकांचासुद्धा नाही."

शिपाईमामांनाही काकांची काळजी होती. त्यांनी काकांना एकोणीस वर्षं डावीकडे जाताना पाहिलं होतं, तीन अंशांचं त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. पुसलेल्या फरशीवर निघायची खूण पुन्हा आखताना त्यांनी ती वीतभर उजवीकडे आखली. अडीअडचणीला असावी म्हणून. मुख्याध्यापकांनी त्यापुढे जाऊन व्हरांड्याच्या डाव्या बाजूला फुलझाडांच्या सगळ्या कुंड्या मांडून घेतल्या. उजवी बाजू मोकळी होती. तिकडे मैदानावर उतरायचा उतार होता, आणि हवा यावी म्हणून त्याचं दार उघडं ठेवलं होतं.

अशा रीतीनं काकांच्या भल्यासाठी तीन ठिकाणी तीन माणसं झटली होती आणि कुणी कुणाला एक शब्द बोललं नव्हतं.

संस्थेच्या अध्यक्षबाई वेळेवर आल्या. उंच, पांढऱ्या केसांच्या, कमी बोलणाऱ्या. त्या फितीपाशी हात पुढे करून उभ्या राहिल्या. मॉनिटरनं एकाच वेळी दोन्ही बटणं दाबली. स्क्रीनवरचा रोबो निघाला, फरशीवरचे काका निघाले.

पहिले सहा फूट टाळ्या पडल्या. दहा फुटांवर बाईंच्या कपाळाला आठी पडली.

"बाई," मॉनिटर हळूच म्हणाली, "काका उजवीकडे चाललेत."

"ते उजवीकडे जात नाहीत कधी."

"पण चाललेत ना."

काका मोठ्या निष्ठेनं दर दोन फुटांनी तीन अंश वळत होते. अध्यक्षबाईंनी हात थोडा उजवीकडे केला, मग आणखी थोडा, आणि शेवटी मान वळवून बघत राहिल्या. काका कात्रीचं तबक घेऊन त्यांना वळसा घालून उघड्या दारातून उतारावर गेले. त्याच क्षणी स्क्रीनवरच्या रोबोनं फळीला नाक टेकलं, स्क्रीनवरची फीत आपोआप तुटली आणि स्पीकरमधून टाळ्यांचा कडकडाट झाला.

"उद्घाटन झालं की काय?" अध्यक्षबाईंनी विचारलं.

मुख्याध्यापकांना उत्तर द्यायला वेळ नव्हता. ते पळत होते. समोर काही लागेपर्यंत चालत राहा, ही ओळ काका अक्षरशः पाळत होते आणि मैदानात समोर काहीच नव्हतं. होती ती पाचवीची कवायत. पण त्या मुलांना वाट द्यायला शिकवलेलं होतं. रांगा शहाण्यासारख्या दुभंगल्या, काका मधून गेले. मागून मुख्याध्यापक, त्यांच्यामागे बाई, बाईंच्या मागे आठवीचा अख्खा वर्ग.

"कुणीतरी आडवे व्हा रे," मुख्याध्यापक धापा टाकत म्हणाले. कवायतीच्या सरांना ही आज्ञा वाटली. त्यांनी शिट्टी फुंकली आणि पाचवीची मुलं एका ओळीत जमिनीवर आडवी झाली. पण काका तोवर पलीकडे गेले होते. आडव्या मुलांच्या ओळीपाशी थांबावं लागलं ते मुख्याध्यापकांना.

फाटकापाशी काका रखवालदाराच्या बुटाला लागले आणि थांबले. रखवालदारानं खाली पाहिलं, तबकातली कात्री उचलली आणि खिशात टाकली.

"ती कात्री द्या," मुख्याध्यापक पोचल्यावर म्हणाले.

"साहेब, धारदार वस्तू पोरांनी आणली तर जप्त करायची, असं तुम्हीच सांगितलंय."

"हा पोरगा आहे का?"

"आठवीत असतो रोज," रखवालदार म्हणाला.

बाईंनी काकांना उचललं. पत्रा उन्हानं कोमट झाला होता. आपण दिलेला शब्द त्यांना आठवत होता आणि अडगळीची खोली वाटेतच होती. त्या तिकडे वळणार तोच अध्यक्षबाई उतारावरून खाली आल्या.

"हा असा का गेला?" त्यांनी मॉनिटरला विचारलं.

"माहीत नाही. शोधावं लागेल."

"मग शोधा की. मी थांबते."

पुसलेल्या फरशीवर पंचवीस मुलं उपडी पडली. मुख्याध्यापकांनी एकदा दोरीकडे पाहिलं आणि ती गुंडाळून ठेवली. खडूची पहिली रेघ आली तशी शिपाईमामांनी खूण वीतभर सरकवल्याचं कबूल केलं. मॅडमनी शुक्रवारची मापं काढली, मुलांनी नव्यानं मोजलं, आणि डावं चाक उजव्याएवढंच भरलं.

"शुक्रवारी लहान होतं," मॅडम म्हणाल्या.

"चाक काही वाढत नाही," मॉनिटर म्हणाली. मग सगळ्यांनी हळूहळू बाईंकडे पाहिलं.

"रविवारी मी घरी नव्हते," बाई म्हणाल्या, आणि त्यांना कळलं. त्या व्हरांड्याच्या पायरीवर बसल्या आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या. नंतर नंतर ते हसण्याचंच पाणी आहे का, हे जवळच्या मुलांना नीट कळेना.

"म्हणजे चुकलं कोण?" अध्यक्षबाईंनी विचारलं.

मॉनिटरनं बराच विचार केला. "कुणीच नाही. सगळ्यांनी बरोबरच केलं. फक्त एकमेकांना सांगितलं नाही."

अध्यक्षबाई मुख्याध्यापकांना म्हणाल्या, "स्क्रीनवर काय झालं ते मला काही समजलं नाही. हे समजलं. हा इथेच राहू दे." आणि फितीखालून वाकून त्या प्रयोगशाळेत गेल्या.

संध्याकाळी यजमान दारातच उभे होते. "मग? गेला ना सरळ?"

बाईंनी सगळं सांगितलं. ते ऐकता ऐकता यजमानांचा चेहरा असा उतरला की त्यांनी घाईघाईनं जोडलं, "तुम्ही केलंत ते उत्तमच केलंत. पण आता नव्या मॅडम पहिला तास कसा घेणार? काका सरळ चालले तर मुलांना शोधायला काय उरलं? अहो, जुनं कडं द्या ना बसवून."

"ते तुटलं काढताना."

"मग नवं जरा झिजवा."

यजमानांनी कानस हातात घेतली, डाव्या चाकाला टेकवली आणि खाली ठेवली. "माझ्यानं होणार नाही. चाळीस वर्षं ह्या हातांनी बिघडलेलं नीट केलंय. नीट असलेलं बिघडवायला ते उठतच नाहीत."

"आणा इकडे," बाई म्हणाल्या.

त्यांनी कधी कानस धरली नव्हती. यजमान दोन मिनिटं "अगं, हलक्या हातानं" म्हणत राहिले, मग त्यांना ते बघवेना आणि ते आतल्या खोलीत जाऊन बसले. कानशीचा आवाज बराच वेळ येत होता.

दुसऱ्या दिवशी आठवीनं काकांना जमिनीवर ठेवलं. प्रोग्रॅम तोच. काका निघाले, डावीकडे वळले, आणखी वळले, कपाटापर्यंत पोचलेसुद्धा नाहीत, अख्खं वर्तुळ करून बाईंच्या पायाशी आले आणि बुटाला लागून थांबले.



"तीन अंशांनी आता काही भागत नाही," मॉनिटर म्हणाली. "बाई, किती लागतील?"

बाईंनी तोंड उघडलं आणि त्यांच्या लक्षात आलं की एकोणीस वर्षांत पहिल्यांदाच त्यांना उत्तर माहीत नाही. त्यांनी मोजपट्टी मागून घेतली, नव्या मॅडमना शेजारी जागा केली आणि मुलांबरोबर फरशीवर उपड्या पडल्या.