कोच टॅकेट आणि रिकाम्या जागा

"कोच, जरा बसा," मुख्याध्यापिका मिसेस ओडम म्हणाल्या आणि बर्ल टॅकेट खुर्चीकडे संशयाने बघू लागला. इतक्या वर्षांत या खोलीत त्याला कुणी बसायला सांगितलं नव्हतं. फुटबॉलच्या कोचशी लोक उभ्याउभ्याच बोलत, पाठीवर थाप मारत आणि शुक्रवारच्या सामन्याचं विचारत. आधी बसवून मग सांगायची गोष्ट चांगली नसते, हे तो दातांच्या डॉक्टरकडे शिकला होता.

"मिसेस प्रुइट घोड्यावरून पडल्या," बाई म्हणाल्या. "मांडीचं हाड मोडलं. त्यांचा शब्दांचा वर्ग आता तुम्ही घ्यायचा. तुमचा मोसम संपलाय, तिसरा तास रिकामाच असतो."

"शब्दांचा?"

"कॉलेज प्रवेशाच्या परीक्षेचा हो. वाक्यात एक जागा रिकामी असते, खाली शब्द दिलेले असतात, त्यातला योग्य तो भरायचा. त्यात काय एवढं!"

टेक्सासमध्ये कोचला एखाददुसरा वर्ग घ्यावाच लागतो. बर्लने मुलांना गाडी चालवायला शिकवलं होतं, आरोग्य शिकवलं होतं, एक वर्ष इतिहाससुद्धा शिकवला होता, म्हणजे टेक्सासच्या आलामोच्या लढाईपर्यंत नेऊन मुलांना तिथंच सोडून दिलं होतं. पण शब्द! मैदानावर तो ओरडला की पलीकडच्या कुरणातल्या गाई चरायच्या थांबत. या बैलासारख्या माणसाला लांबलचक शब्दाची भीती वाटते, हे पिकेट वेल्स गावात फक्त त्याच्या बायकोला ठाऊक होतं. चौथीत असताना बाईंनी त्याला उभं करून फळ्यावरच्या एका शब्दाचा अर्थ विचारला होता आणि त्याच्या उत्तराला अख्खा वर्ग हसला होता. तेव्हापासून अवघड शब्द दिसला की त्याच्या तळहातांना घाम सुटे.

"येत नाही म्हणून सांगून टाक," घरी त्याची बायको नडीन म्हणाली. तिचं गावात केस कापायचं दुकान होतं आणि ती बोलण्यातही कात्री चालवी.

"गाव काय म्हणेल?"

"गावानं तुला शब्दकोश म्हणून ठेवलेला नाही, बर्ल."

पण सांगायला धीर लागतो, आणि तो त्याने सगळा मैदानावर खर्च केला होता. मिसेस प्रुइटचं पुस्तक हाती आलं तेव्हा त्याने आधी उत्तरांची शेवटची पानं शोधली. ती जागेवर नव्हती. मुलांनी उत्तरं बघू नयेत म्हणून बाईंनी ती कापून घरी ठेवली होती. फोन करून मागवता आली असती, पण "तुम्हाला हो कशाला हवीत उत्तरं?" असं त्यांनी विचारलं असतं तर? बर्लने फोन उचलला आणि खाली ठेवला.

पहिल्याच दिवशी पहिल्याच बाकावरून लूपे अरेडोंडोने हात वर केला. पोरगी मोठी चौकस. शंका आली की ती विचारल्याशिवाय राहत नसे, आणि शंका तिला सारख्या येत.

"कोच, 'मितभाषी' म्हणजे काय?"

बर्लचा हात आपोआप गळ्यातल्या शिट्टीकडे गेला आणि त्याने ती जीव खाऊन फुंकली. मुलं बाकांवरून उडाली. मग वर्गात अशी शांतता पसरली की आता काहीतरी बोलणं भागच होतं. त्याने पुस्तकातलं वाक्य कसंबसं वाचलं. "जरी तो पुढारी सभेत तासन्‌तास बोलत असे, तरी घरी मात्र तो अत्यंत... अं... रिकामी जागा... होता." वाक्यातल्या त्या भोकाकडे तो बघत राहिला. बॉल कुठे आहे तेच कळत नव्हतं.

"बॉल कुठंय?" त्याच्या तोंडून निघून गेलं.

"दिसत नाही, कोच," मागून जार्व्हिस बोटराइट म्हणाला. हा त्याच्या संघातला सगळ्यात दांडगा गडी, बाकात एकटाच दोघांच्या जागेत बसायचा.

"बॉल दिसत नाही तेव्हा तू काय बघतोस?"

"बाकीचे कुठं पळतायत ते."

"मग बघ की लेका! बाकीचे कुठं पळतायत?"

जार्व्हिसने डोकं खाजवलं. "'जरी' म्हणतोय म्हणजे डावीकडं हूल दिली. 'तरी' आला, म्हणजे जायचंय उजवीकडं. सभेत बडबड... तर घरी चिडीचूप!"

"म्हणजे कमी बोलणारा," लूपे ओरडली. "मितभाषी! बाकीचे तिन्ही शब्द बसतच नाहीत!"

हे बरोबर की चूक, बर्लला काही कळेना. त्याने वर्गावर नजर फिरवली. कुणीच हरकत घेत नव्हतं. त्याने एक छोटी शिट्टी मारली आणि म्हणाला, "पुढचं!"

वर्ग मग तसाच चालू लागला. 'पण' आला की पळणारा दिशा बदलतो. 'कारण' आणि 'म्हणून' आले की नाकासमोर पळतो. आधी आपल्या मनचा साधा शब्द रिकाम्या जागेत टाकायचा, मग खालच्या शब्दांतून बिनकामाचे एकेक करून मैदानाबाहेर काढायचे. फळ्यावर तो फुल्या, गोळे आणि बाण काढी, जसे सामन्याआधी काढायचा तसे. उत्तर काही तो सांगत नसे. मुलांनी भांडावं, एकमेकांना चूक ठरवावं, आणि सगळ्यांचं एकमत झालं की त्याने शिट्टी मारावी. शब्दाचा अर्थ कुणी थेट विचारलाच, तर शिट्टी आधी आणि "शेजाऱ्यांना विचार!" नंतर, म्हणजे वाक्यातल्या शेजारच्या शब्दांना.

मुलं हुशार होऊ लागली आणि कोचची झोप उडाली. मठ्ठ मुलाला फसवता येतं, हुशार पोर कधी पकडेल याचा नेम नाही. त्यात गावात त्याचं नाव होऊ लागलं. कॉफीच्या दुकानात औषधवाला शब्दकोडं घेऊन शेजारी येऊन बसला.

"कोच, 'उद्विग्न' म्हणजे काय रे?"

बर्लने गोड पिकन पायचा घास काट्यावरच ठेवला. "वाक्य काय आहे?"

"वाक्य नाहीये. कोडं आहे."

"वाक्याशिवाय शब्दाला हात लावू नये," बर्ल म्हणाला आणि बशीतला अर्धा पिकन पाय तसाच टाकून पळाला. औषधवाला दिवसभर दुकानात येईल त्याला सांगत होता, की शिक्षक असावा तर असा. बर्लने त्या दुकानाचं नाव टाकलं, तिथल्या पिकन पायवर त्याचा जीव असूनही.

भीती नुसती अब्रूची असती तर त्याने गिळली असती. पण जार्व्हिसला एका कॉलेजाने खेळाडू म्हणून घ्यायचं कबूल केलं होतं, फक्त या परीक्षेत पुरेसे गुण हवे होते. नाही पडले तर पोरगा बापामागून तेलविहिरीवर कामाला जाणार होता. बापाची दोन बोटं तिथे गेली होती. बर्लला स्वतःचं मूल नव्हतं. या पोराचं आपल्या अज्ञानापायी वाटोळं होईल, या विचाराने त्याला घाम फुटे.

निकाल आले आणि गाव चकित झालं. रिकाम्या जागांमध्ये वर्गातलं एकही पोर फारसं चुकलं नव्हतं. जार्व्हिसला हवे होते त्याहून चांगले गुण पडले होते. पशुखाद्याच्या दुकानावर 'कोच टॅकेट झिंदाबाद' अशी पाटी लागली. बर्लने त्या रात्री पहिल्यांदा पोटभर जेवण केलं. तेवढंच काय ते सुख. चार दिवसांत मिसेस ओडमचा निरोप आला, आणि निरोपात 'बसून बोलू' असे शब्द होते.

"परीक्षा घेणाऱ्यांनी गुण रोखून धरलेत," बाई म्हणाल्या. त्यांचा चेहरा उतरला होता. "म्हणतात, अख्खा वर्ग एकदम इतका हुशार कसा झाला? आणि मुलांच्या प्रश्नपत्रिकांच्या कडेला खुणा सापडल्यात. फुल्या, गोळे, बाण. सगळ्यांच्या सारख्या. त्यांना वाटतंय गुप्त लिपी आहे. तपासाला बाई येतायत. तुम्ही उत्तरं फोडलीत असं सिद्ध झालं तर सगळ्यांचे गुण रद्द."

"जार्व्हिसचे?"

"सगळ्यांचे, कोच."

तपासाच्या दिवशी बर्लने सकाळी टाय बांधला, सोडला, पुन्हा बांधला. नडीन दारात उभी राहून बघत होती.

"काय सांगणारेस?"

"त्या खुणा खेळाच्या आहेत म्हणून."

"आणि उत्तरं तू सांगितली नाहीस याचा पुरावा?"

बर्लने टायची गाठ ओढली. पुरावा एकच होता आणि तो त्याने चौथीपासून लपवून ठेवला होता.

"पोरांच्या समोर, नडीन?"

"पोरांच्यासाठी, बर्ल." तिने त्याचा टाय सरळ केला. "जा. हसले तर हसले. मी त्यांच्या आयांचे केस वाकडे कापीन."

तपासनीस मिस केसल किरकोळ अंगाच्या होत्या, पण वाचनालयात त्यांच्यासमोर बसताच बर्लला आपणच आखडून बाहुलीएवढे झालो असं वाटलं. शेजारी मिसेस ओडम होत्या. साक्षीला लूपे आणि जार्व्हिस. जार्व्हिस खुर्चीच्या टोकावर बसला होता.

"मिस्टर टॅकेट, ही कसली लिपी?"

"लिपी नाही, बाई. हा 'जरी', ही हूल, आणि हा इकडं पळाला." बर्लने बाण समजावून दिले. आवाज त्याचा त्यालाच ऐकू येत नव्हता.

"आणि उत्तरं? ती तुम्ही कशी सांगायचात?"

"मी नाही सांगितली."

"इतके महिने वर्ग घेऊन एकही उत्तर सांगितलं नाही? कोण विश्वास ठेवील?"

बर्लने जार्व्हिसकडे पाहिलं आणि डोळे मिटले. "मला येत असती तर सांगितली असती. मला त्यातला एक शब्द येत नाही, बाई. पुस्तकातली उत्तरंसुद्धा कापलेली होती. मी नुसती शिट्टी वाजवत होतो."

कुणी हसलं नाही. मिसेस ओडमचा हात मात्र गळ्यातल्या मोत्यांवर गेला. मिस केसलने एक कागद काढला. "बघू या. 'जरी तो चारचौघांत सिंहासारखा गर्जत असे, तरी एकांतात तो अगदी रिकामी जागा असे.' शूर, उद्धट, भीरू, बेफिकीर."

"घाबरट," बर्ल ताबडतोब म्हणाला. "म्हणजे शूर नाही, उद्धट नाही, बेफिकीर तर मुळीच नाही. उरला तो. भी... तोच."

"बरोबर," मिस केसल थंडपणे म्हणाल्या. "येतं की तुम्हाला."

जार्व्हिसचा चेहरा पांढरा पडला. बर्लच्या लक्षात आलं, की आपण आत्ताच बरोबर उत्तर देऊन पोराचा गळा कापला. आयुष्यात पहिल्यांदा शब्दाचं उत्तर बरोबर आलं, तेही नेमकं नको तेव्हा.

"बाई, शब्द येत नाही!" तो कळवळून म्हणाला. "ते वाक्य माझ्या घरचं आहे म्हणून जमलं. नुसता शब्द विचारा! आजूबाजूला काही ठेवू नका!"

"बरं. दुराराध्य?"

बर्लने खूप विचार केला. "गुरांचं औषध?"

"विमनस्क?"

"रशियातलं गाव."

"परिप्लुत?"

"हे... हे खातात का?"

मिस केसल विचारत गेल्या आणि बर्ल चुकत गेला. प्रत्येक चुकीबरोबर जार्व्हिसच्या चेहऱ्यावर रंग परत येऊ लागला. ते पाहून बर्लला इतका चेव आला, की तो छाती काढून, मैदानावरच्या आवाजात चुकू लागला. शेवटी मिस केसलने कागद मिटला आणि चष्मा काढून डोळे पुसले. त्या हसत होत्या.

"मुद्दाम ठरवून माणसाला इतकं चुकता येत नाही," त्या म्हणाल्या. "या माणसाने उत्तरं फोडणं शक्य नाही. गुण सोडायला सांगते."

जार्व्हिसने टेबलावर डोकं टेकलं आणि त्याची पाठ हलू लागली. बर्लने त्याच्या मानेवर हात ठेवला. मग त्याला भान आलं, की ज्या दिवसाला तो चौथीपासून भीत होता तो हाच.

"पोरांनो," तो खाली बघत म्हणाला, "कोचला काही येत नव्हतं. तुम्हाला फसवलं मी."

"आम्हाला माहीत होतं, कोच," लूपे म्हणाली.

"काय? कधीपासून?"

"पहिल्याच आठवड्यापासून. सोपा शब्द आला की तुम्ही बोलायचात, *पण* अवघड आला की शिट्टी मारायचात." तिने खांदे उडवले. "शेजाऱ्यांवरून कळलं."

"सगळ्या वर्गाचं एकमत होतं, कोच," टेबलावरचं डोकं न उचलता जार्व्हिस म्हणाला.

कुणी हसत नव्हतं, आणि बर्लचेच डोळे भरून आले होते. इतक्या वर्षांची भीती अंगातून निघून गेली आणि त्याला एकदम सपाटून भूक लागली. कॉफीचं दुकान उघडं असेल, हा विचार घेऊन तो उठला.

"कोच, जरा बसा," मिसेस ओडम म्हणाल्या. त्यांच्या डोळ्यांत वेगळीच चमक होती. "इतके चांगले गुण या शाळेला कधी मिळाले नव्हते. रसायनशास्त्राचे मास्तर उन्हाळ्यानंतर सोडून चाललेत. खरं सांगा, तुम्हाला आणखी काय काय येत नाही?"

लूपेने जार्व्हिसला ढोसलं आणि दोघांनी आपापल्या कानांवर हात ठेवले. कोचचा हात शिट्टीकडे निघाला होता.