वत्सलामावशी आणि पाचवा भाग

वत्सलामावशी फणसळकर सुपरहीरोंना मार्क द्यायच्या. दहापैकी. शिसपेन्सिलीने, कॉमिकच्या शेवटच्या पानावर, खाली तारीख. अंगाला चिकटलेले कपडे घालून आकाशात उडणारे ते अमेरिकन गडी मावशींच्या हातून सहाच्या वर क्वचितच गेले. एकाने अख्खी बारा मजली इमारत एका हाताने उचलून समुद्राच्या लाटेपासून लांब नेऊन ठेवली, त्याला तीन. बाजूला शेरा: 'इमारतीत माणसं होती का? असल्यास त्यांचे स्टोव्ह चालू होते का? गच्चीवरच्या टाकीतलं पाणी कुठे गेलं? पायरी गाळली आहे.'

मावशी कलकत्त्यातच जन्मलेल्या. यजमान गार्डन रीचला रेल्वेच्या कचेरीत होते, ते जाऊन बरीच वर्षं झालेली. मूलबाळ नाही. एका मुलींच्या शाळेत त्यांनी अठ्ठावीस वर्षं गणित शिकवलं आणि त्या अठ्ठावीस वर्षांत जगातल्या प्रत्येक गोष्टीला एकच प्रश्न विचारायची सवय लावून घेतली: "पायरी दाखव." दूधवाल्याने दूध का पातळ आहे ते सांगितलं, की पायरी दाखव. डॉक्टरांनी साखर वाढली म्हटलं, की पायरी दाखव. आमच्या मराठी मंडळात एका नवविवाहित जोडप्याने 'आमचा प्रेमविवाह' असं लाजत सांगितलं, तेव्हाही मावशी हळदीकुंकवाची वाटी हातात धरून गंभीरपणे म्हणाल्या होत्या, "हो का? पायरी दाखव."

मी बँकेच्या बदलीवर कलकत्त्याला आलो ते सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला. वयाने अडतीस, दिसायला पन्नाशीचा. बायकोमुलं नाशिकला, कारण मुलांची शाळा आणि माझ्या वडिलांचा दमा, दोन्ही हलवण्यासारखे नव्हते. भवानीपूरच्या एका गल्लीत वरच्या मजल्यावर माझी दीड खोली आणि खाली मावशी. दिवसभर बँक, मग ट्रामला लोंबकळणं, घरी आलो की लोडशेडिंग. त्या वर्षांत मला कशाचा कंटाळाही येत नसे. कंटाळा यायलासुद्धा अंगात थोडी ताकद लागते. शनिवारी अर्धा दिवस बँक असायची. एक वाजता सुटून मी खोलीत यायचो, दार लावायचो आणि सोमवारपर्यंत पडून राहायचो.

तिसऱ्या का चौथ्या शनिवारी दार वाजलं. पांढरं पातळ, जाड भिंगांचा चष्मा आणि काखेत रंगीत कागदांचा गठ्ठा.

"तू कुळकर्णी ना? बँकेतला?"

"हो. आपण?"

"खाली राहते. तुला इंग्रजी येतं ना? हे वाच आणि पुढे काय झालं असेल ते सांग."

माझ्या हातात त्यांनी चार कॉमिक्स ठेवली आणि माझ्या एकुलत्या एका खुर्चीवर बसल्या. मी वाचून होईपर्यंत उठल्या नाहीत.

ही कॉमिक्स त्यांच्याकडे आली कशी, त्याची हकिगत अशी. शाळेत मुली गणिताच्या वहीत लपवून ती वाचायच्या. कुणाचे काका बोटीवर असायचे, कुणी फ्री स्कूल स्ट्रीटच्या फुटपाथवरून जुनी आणायचं. मावशी पकडायच्या, जप्त करायच्या आणि वर्गाच्या कपाटात कोंबायच्या. निवृत्तीच्या दिवशी शिपायाने विचारलं की या गठ्ठ्याचं काय करायचं. रद्दीत घालायला म्हणून मावशी तो घरी घेऊन आल्या, आणि घालण्याआधी 'एकदा बघू तरी कार्ट्या काय वाचत होत्या' म्हणून वरचं एक उघडलं. त्या संध्याकाळी त्यांचा भात करपला.

अडचण एकच होती. गोष्टी क्रमशः असायच्या, आणि मावशींकडे फक्त पकडल्या गेलेल्या मुलींचे अंक होते.

"ज्या कार्ट्या सापडल्या नाहीत," मावशी हळहळून म्हणायच्या, "त्यांनी माझं फार नुकसान केलं बघ. मी पुरेशी कडक नव्हते."

इंग्रजी नावं त्यांनी कधी घेतली नाहीत. करड्या पोशाखाचा एक नायक होता, तो करडोबा. माझ्या हातात दिलेले चार अंक त्याचेच. गोष्ट अशी: करडोबा वर्षानुवर्षं शहर वाचवतो. एकदा कोसळता बोगदा खांद्यावर तोलून धरताना त्याची शक्तीच निघून जाते. शहर दोन दिवस हळहळतं आणि मग त्यालाच शिव्या घालायला लागतं. तो पोशाख टाकून एका लहानशा गावी जातो, लाँड्रीत इस्त्री करायला लागतो. एका म्हातारीकडे भाड्याने राहतो. ती त्याला रोज सूप देते आणि हा कोण, कुठला, काही विचारत नाही. चौथ्या भागाच्या शेवटी जुना शत्रू त्या गावात येतो. नदीवरचा पूल तुटायला लागलाय, म्हातारी पुलाच्या पलीकडच्या टोकाला अडकली आहे, आणि करडोबा, आता साधा इस्त्रीवाला, अलीकडच्या टोकाकडून धावतोय. पुढील भागात समाप्त.

पाचवा भाग नव्हता.

"पोचतो का रे तो?" मावशींनी विचारलं. त्या विचारण्यात चेष्टा नव्हती. एखाद्या भाच्याचा निकाल विचारावा तसं विचारत होत्या.

मी म्हणालो, "मावशी, कॉमिक आहे. पोचणारच."

"पायरी दाखव."

पुढे ऐंशीच्या दशकात माझा मुलगा या कॉमिक्सचा मोठा भक्त झाला. त्याची आवडती कथानकं तो मला समजावून सांगायचा: नायक म्हातारे झालेत, थकलेत, त्यांना झोप लागत नाही, आपण केलं त्याचा काही उपयोग झाला का असं त्यांना वाटतं. त्याची खात्री होती की थकलेला सुपरहीरो हा त्याच्याच पिढीचा शोध आहे. मी मान डोलवायचो. इस्त्री करणारा थकलेला सुपरहीरो मी त्याच्या कितीतरी आधी, भवानीपूरला बघितला होता, हे त्याला काय सांगायचं?

तर त्या शनिवारपासून पाचव्या भागाचा शोध सुरू झाला. दर शनिवारी दोनला मावशी खालून हाक मारायच्या, "कुळकर्णी! उतर!" वर्गात फळ्यापाशी बोलवावं तशी हाक. मी खरोखर दमलेला असायचो. पहिले काही महिने मनातल्या मनात चरफडत गेलो. एकट्या बाईमाणसाला नाही कसं म्हणायचं, एवढाच विचार. आपण एका विक्षिप्त म्हातारीवर उपकार करतो आहोत, अशी माझी प्रामाणिक समजूत होती.

फ्री स्कूल स्ट्रीटवर नसीमभाईंचा जुन्या पुस्तकांचा स्टॉल होता. मावशी तिथे लाकडी खोक्यावर बसायच्या आणि मी गठ्ठे उपसायचो. नसीमभाई पाण्याचा ग्लास पुढे करायचे. "माशीमा, आज भी नहीं मिला?" मग आम्ही मातीच्या कुल्हडातून चहा प्यायचो. मावशी तेवढ्यात माझ्याकडून काय काय काढून घ्यायच्या: मुलीला कितीचा पाढा येतो, वडिलांचा दमा कसा आहे, बायकोचं पत्र आलं का. पत्र आलं नसेल तर आदल्या आठवड्यात मी लिहिलं होतं का. लिहिलं नसेल तर तिथेच, नसीमभाईंचा बॉलपेन मागून, माझ्यापुढे कार्ड ठेवायच्या.

एका शनिवारी फुटपाथऐवजी हावड्याच्या पुलावर गेलो. शक्ती नसलेला माणूस पुलाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत किती वेळात पोचतो, हे मावशींना प्रयोगाने ठरवायचं होतं. दोघांची घड्याळं लावली. त्या बसने पलीकडे जाऊन उभ्या राहिल्या. बरोबर चार वाजता मी, एका राष्ट्रीयीकृत बँकेचा अधिकारी, कडक इस्त्रीचा शर्ट घालून हावडा पुलावर धावायला लागलो. समोरून लोकल सुटल्याची गर्दी अंगावर येत होती. केळ्यांच्या पाट्या डोक्यावर घेतलेले हमाल शिव्या देत होते. एकाने कळवळून विचारलं, "दादा, कौन सी गाड़ी है?" मी धापा टाकत पलीकडे पोचलो. अकरा मिनिटं.

मावशींनी घड्याळ बघितलं आणि त्यांचा चेहरा उतरला. "म्हणजे म्हातारी गेली."

मला त्यांची दया आली. म्हटलं, "मावशी, गर्दी फार होती."

त्यांनी थोडा विचार केला. "आणि इकडे तुझं कोणी पडतही नव्हतं म्हणा. त्याने फरक पडतो. चल, पुन्हा धाव."

धावलो. नऊ मिनिटं. मावशी लहान मुलीसारख्या हसल्या. त्या रात्री मला इतकी गाढ झोप लागली की पंखा बंद पडल्याचंही कळलं नाही.

अशी तीन वर्षं गेली. मग बदलीचा हुकूम आला, चक्क नाशिक. ज्याची तीन वर्षं वाट बघितली तो कागद हातात घेऊन मी जिन्याकडे निघालो, आणि मावशींच्या दारापाशी पाय अडखळला. त्यांनी हुकूम दोनदा वाचला. "छान झालं," म्हणाल्या. "मुलीचा पाया कच्चा आहे, तिला अपूर्णांक तू स्वतः शिकव." मग स्वयंपाकघरात गेल्या आणि बराच वेळ बाहेर आल्या नाहीत.

रविवारची गाडी होती. शुक्रवारी संध्याकाळी त्या म्हणाल्या, "नसीमभाईंचा निरोप घेऊन ये. तीन वर्षं आपण त्यांचे गठ्ठे विस्कटतोय. मला आज जमायचं नाही, तू एकटाच जा."

मी गेलो. मला बघताच नसीमभाईंनी असा काही चेहरा केला, जसा नाटकात पहिल्यांदाच उभं राहिलेलं माणूस करतं. मुद्दाम तीन गठ्ठे हलवले, चौथ्याच्या खाली हात घातला आणि ओरडले, "अरे साहब! ये देखिए! किस्मत!"

करडोबा. पाचवा भाग.

परतीच्या ट्राममध्ये खिडकीपाशी जागा मिळाली. म्हटलं, मावशींच्या आधी वाचायचं नाही, नुसतं चाळायचं. चाळलं. पानाच्या कडेला शिसपेन्सिलीचे बारीक मराठी शेरे. 'सूप गार झालं असेल.' 'पूल तुटताना पोलीस कुठे होते?' शेवटच्या पानावर तारीख होती, सव्वा वर्षापूर्वीची. आणि खाली, त्यांच्या त्या दाबून लिहिण्याच्या अक्षरात:

'दहापैकी नऊ. जुन्या विद्यार्थिनीच्या घरी मिळाला. कुळकर्णीला सांगायचं नाही. मिळाला म्हटलं की शनिवारी पुन्हा दार लावून भिंतीकडे तोंड करून पडेल. शोधू दे.'

सव्वा वर्ष. मी एका म्हातारीला सांभाळत होतो, असं मला वाटत होतं.

मी आपला स्टॉप चुकवला. दोन स्टॉप पुढे उतरलो, एका स्टेशनरीच्या दुकानातून खोडरबर घेतला आणि दुकानाच्या पायरीवर बसून एकेक शेरा पुसून काढला. हे माझ्या हाती लागावं म्हणून मावशींनी ते गपचूप नसीमभाईंकडे नेऊन दिलं होतं. आपलं अक्षर आत राहिलंय, हे बाई विसरल्या होत्या. त्यांची फजिती मला करायची नव्हती. शेवटच्या पानावरचं पुसताना मात्र नीट दिसत नव्हतं, डोळे भरून आले होते.

घरी आलो तर दिवे गेलेले. मावशी कंदील लावून बसल्या होत्या.

"मावशी, मिळाला!"

"ओ मा! काय सांगतोस!" त्यांनी नसीमभाईंपेक्षा बराच बरा अभिनय केला. चष्मा पुसला, पान उघडलं आणि मोठ्याने वाचायला लागल्या. मराठीत, वाचता वाचता भाषांतर करत. करडोबा पोचतो. शक्ती काही परत येत नाही. त्याला पूल धरता येत नाही, म्हातारीला उचलता येत नाही. तो नुसता तिच्याजवळ जाऊन हात धरून उभा राहतो, अग्निशामक दलाची शिडी येईपर्यंत.

वाचून झाल्यावर त्यांनी शेवटचं पान कंदिलापाशी तिरकं धरलं. अठ्ठावीस वर्षं वह्या तपासलेल्या माणसापुढे मी खोडाखोड करून आलो होतो.

"सगळं वाचलंस?" त्यांनी पानावरून नजर न काढता विचारलं.

"हो."

गल्लीत कुणीतरी रिक्षाची घंटा वाजवत गेलं.

"ते लिहिलंय ना," शेवटी म्हणाल्या, "ते अर्धंच खरं आहे. तू पडून राहशील म्हणून नाही सांगितलं, हे आहेच. पण तू यायच्या आधी सात वर्षं शनिवारी माझ्याकडेही कोणी आलेलं नव्हतं रे. मी ते लिहिलं नाही. स्वतःशीसुद्धा लिहायला लाज वाटली."

मी त्यांचा हात धरला. गणिताच्या बाईंचा हात असा कोणी धरत नाही, त्यामुळे त्या जरा गडबडल्या, पण त्यांनी तो काढून घेतला नाही.

"उद्या शनिवार," थोड्या वेळाने त्या म्हणाल्या. "तुझी बांधाबांध राहिली असेल."

राहिली होती. अर्धं सामान तसंच पडलं होतं.

"दोनला उतरतो," मी म्हणालो.

"आता काय शोधायचंय?"

"काही नाही," मी म्हणालो. "पण जाऊ."